दुखणे नेमके कोणाच्या नावे?

व्यापारी कुटुंबांत कंबरदुखी ही जणू वडिलोपार्जित मिळकत समजली जाते. आजोबांची कंबर दुखत असे, वडिलांची दुखत असे, म्हणून आपलीही दुखणारच, असे गृहीत धरून माणूस चाळिशीपासून मलमाच्या बाटल्या आणि गरम पाण्याची पिशवी जवळ बाळगू लागतो. पेढीवर गादीवर मांडी घालून बसणे, मधूनच उठून वरच्या फळीवरचा माल काढणे, पोते सरकवणे, सायंकाळी स्कूटरवरून उधारीच्या वसुलीस जाणे, हा सारा दिनक्रम कंबरेच्या माथी मारून आपण मोकळे होतो. तथापि ‘कंबर’ हे एका अवयवाचे नाव नव्हे. तेथे मणके आहेत, मणक्यांमधील चकत्या आहेत, मणक्यांना मागून जोडणारे लहान सांधे आहेत, स्नायू आहेत, आणि कंबरेच्या अगदी तळाशी दोन मोठे सांधेही आहेत. दुखणे यांपैकी नेमके कोणाचे, हे ठरल्यावाचून केलेला उपचार म्हणजे खातेदाराचे नाव न पाहता केलेली नोंद होय. आजच्या लेखात तळाच्या त्या दोन सांध्यांचा आणि त्यांत यंत्राच्या साह्याने दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचा विचार करावयाचा आहे.

माकडहाडाच्या वर, पाठीच्या कण्याच्या शेवटी एक त्रिकोणी हाड असते. त्यास त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंस कटीची रुंद, पंखासारखी हाडे येऊन मिळतात. या दोन जोडांना वैद्यकीय भाषेत सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. धडाचा सारा भार कण्यातून याच सांध्यांमार्गे पायांकडे जातो. गुडघा किंवा खांदा जसा मोकळा हलतो तसे हे सांधे हलत नाहीत. त्यांची हालचाल जेमतेम दोन ते चार अंशांची असते. परंतु त्या अल्पशा हालचालीत बिघाड झाला, सांध्यास सूज आली किंवा त्याला धरून ठेवणारे बंध सैल झाले, तर होणारा त्रास अल्प नसतो. ही वेदना सहसा एका बाजूस, पार्श्वभागाच्या वरच्या भागात असते. ती कधी मांडीच्या मागे, कधी जांघेत उतरते. खुर्चीतून उठताना, अंथरुणावर कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर भार देताना कळ येते. गरोदरपणात व बाळंतपणानंतर, पडल्यानंतर, तसेच मणक्याची जोडणी करणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर हा त्रास उद्भवण्याचे प्रमाण अधिक असते.

या सांध्याची कथाही मोठी उद्बोधक आहे. १९०५ साली गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या अमेरिकन शल्यवैद्यांनी कंबरदुखीचे एक कारण म्हणून या सांध्यांकडे लक्ष वेधले आणि पुढील काही दशके डॉक्टरांच्या चर्चेत त्यांना मोठे स्थान मिळाले. १९३४ मध्ये बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील चकती फुटून मज्जातंतूवर दाब येतो हे दाखवून दिले. तो शोध खराच होता, मोलाचाही होता. परंतु त्याच्या प्रकाशात जुना सांधा अंधारात गेला. त्यानंतर कंबरदुखी म्हणजे चकती, असे समीकरण डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्याही मनात रुजले. १९९० च्या दशकात या सांध्याचा पुन्हा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या रुग्णांपैकी ढोबळमानाने १५ ते ३० टक्क्यांच्या बाबतीत वेदनेचे मूळ या सांध्यात असते, असा आज सर्वसाधारण अंदाज आहे.

येथे वाचक विचारतील, “मग एमआरआय कशासाठी असतो? त्यात सारे दिसत नाही काय?” एमआरआयमध्ये दिसते पुष्कळ, पण जे दिसते तेच दुखते, असे मात्र नसते. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील निरोगी माणसांपैकी ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरातील ९६ टक्के व्यक्तींच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. चकती फुगणे हेही विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत दिसून आले. म्हणजे साठी उलटलेल्या माणसाच्या अहवालात ‘चकती सरकली आहे’ असे वाक्य असणे हे केस पांढरे असण्याइतकेच स्वाभाविक आहे. ते वाक्य वाचून घरातील मंडळी धास्तावतात आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरते. दुखणे मात्र कदाचित शेजारच्या सांध्याचे असते.

चांगला डॉक्टर म्हणूनच आधी हाताने तपासतो. “कोठे दुखते ते एका बोटाने दाखवा,” असे तो सांगतो. रुग्णाने पुन्हा पुन्हा पार्श्वभागाच्या वरच्या खळगीजवळच बोट ठेवले, तर संशय या सांध्याकडे वळतो. त्यानंतर सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या काही चाचण्या केल्या जातात. त्यांपैकी तीन किंवा अधिक चाचण्यांत नेहमीचीच ओळखीची कळ उठली, तर संशय बळावतो. परंतु संशय म्हणजे निर्णय नव्हे. निर्णयासाठी सांध्याच्या आत भुलीचे औषध घालून पाहावे लागते. सांधा बधिर केला आणि दुखणे थांबले, तर दुखणे त्याचेच. थांबले नाही, तर अन्यत्र शोध घ्यावयाचा.

आता यंत्राचे साह्य का लागते ते पाहू. हा सांधा खोल असतो, त्याची फट अरुंद आणि वाकडी असते, व तिचा बहुतेक भाग हाडांच्या आड असतो. केवळ हाताने चाचपून सुई दिल्यास ती कोठे जाते, याचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अनुभवावर विसंबून दिलेल्या सुया सीटी स्कॅनने तपासल्या असता, केवळ २२ टक्के वेळा औषध सांध्याच्या आत पोचल्याचे आढळले. म्हणजे पाचांतील जवळजवळ चार वेळा औषध भलतीकडेच गेले होते. अशा वेळी गुण आला तरी तो कशामुळे आला हे कळत नाही, आणि न आला तरी सांधा निर्दोष ठरत नाही. म्हणून सी-आर्म नावाच्या चालत्या क्ष-किरण यंत्राखाली, किंवा सीटीच्या मदतीने, सुईचे टोक पाहत पाहत हे इंजेक्शन दिले जाते. काही ठिकाणी सोनोग्राफीही वापरतात. तिच्यात किरणांचा संपर्क नसतो, परंतु सांध्याच्या आतील भाग तीत स्पष्ट दिसत नाही.

प्रत्यक्ष प्रक्रिया भीतिदायक नाही. रुग्णास पालथे झोपवतात, जागा जंतुनाशकाने स्वच्छ करतात आणि त्वचा बधिर करतात. मग बारीक लांब सुई सांध्याच्या खालच्या टोकातून आत सरकवतात. पडद्यावर दिसणाऱ्या रंगद्रव्याचे थोडे थेंब सोडून ते सांध्याच्या फटीत पसरते की नाही याची खातरजमा करतात, आणि मगच औषध देतात. सांध्यात जागाच फार थोडी असल्याने औषधाचे एकूण प्रमाण दोन-अडीच मिलिलिटरच्या आसपास असते. अर्ध्या तासात काम आटोपते आणि थोडा वेळ देखरेखीखाली ठेवून त्याच दिवशी घरी पाठवतात.

या छोट्याशा पिचकारीत बहुधा दोन औषधे असतात आणि त्यांची कामे अगदी भिन्न असतात. ही गोष्ट रुग्णाला व त्याच्या घरच्यांना नीट समजावून सांगितली जात नाही, आणि सारा गोंधळ येथेच होतो. पहिले औषध भुलीचे. ते काही मिनिटांत काम करू लागते आणि काही तासांत उतरते. दुसरे स्टिरॉइड. ते सूज कमी करते. पण त्याचा परिणाम दिसण्यास दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत वेळ लागतो. या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे पहिल्या सायंकाळपासून पुढील काही दिवस, दुखणे परत येते. कधी आधीपेक्षा किंचित अधिकही होते. पहिले काही तास हे प्रश्नाचे उत्तर असते आणि पुढील आठवडे हा उपचार असतो. उत्तर व उपचार या दोन नोंदी स्वतंत्र ठेवाव्या लागतात.

माझ्या थोरल्या बंधूंचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. त्यांचे तालुक्याच्या गावी भुसार मालाचे दुकान आहे, वय ६६. दोन वर्षे उजव्या बाजूस कळ येत होती. एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसली आणि शहरातील एका शल्यवैद्यांनी शस्त्रक्रिया सुचवली. पुतण्याने दुसरे मत घेतले. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी हाताने तपासून या सांध्याविषयी संशय व्यक्त केला आणि प्रथम इंजेक्शन देऊन पाहण्याचे ठरले. सकाळी साडेअकराला सुई दिली. रात्री पुतण्याचा दूरध्वनी आला. “काका, पैसे पाण्यात गेले. दुपारी बाबा कठड्याला हात न लावता जिना चढले, आणि आता पुन्हा जैसे थे.” मी विचारले, “दुपारी किती वाजेपर्यंत बरे होते? कोठे लिहून ठेवले आहे का?” सुदैवाने दादांना आयुष्यभर रोजकीर्द लिहिण्याची सवय. त्यांनी बिलाच्या एका कोऱ्या पाठीवर वेळा व आकडे टिपले होते. सुईपूर्वी दहापैकी आठ, बारा वाजता दोन, चार वाजता दोन, साडेसहाला सहा, रात्री सात. पुढील भेटीत डॉक्टरांनी तो कागद एमआरआयच्या फिल्मपेक्षा अधिक वेळ पाहिला. पुतण्याला जे अपयश वाटले होते, तेच त्यांच्या दृष्टीने स्पष्ट उत्तर होते. पुढे आणखी एकदा, वेगळे भुलीचे औषध वापरून, पडताळा घेण्यात आला आणि उत्तर तेच आले. चकतीची शस्त्रक्रिया रहित झाली. दादांचे दुखणे समूळ गेले असे मी म्हणणार नाही. ते आज तीन-चारवर असते, ते नित्य व्यायाम करतात आणि गादीऐवजी खुर्चीवर बसतात. पण ज्या दोषाने दुखत नव्हते त्यासाठी त्यांच्या पाठीवर शस्त्र चालले नाही, हा लाभ लहान नव्हे.

म्हणून या लेखाचा मुख्य आग्रह एवढाच की, सुईच्या दिवशी वही जवळ ठेवावी. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे माप धरून सुईपूर्वीचा आकडा लिहावा. बसताना किती, उठताना किती, चालताना किती, हे वेगवेगळे लिहिले तर उत्तम. सुईनंतर अर्ध्या तासाने, एका तासाने, आणि पुढे सहा-आठ तासांपर्यंत दर तासाला नोंद करावी. या काळात अंथरुणावर पडून राहू नये. ज्या कामाने नेहमी कळ येते तेच काम, अर्थात डॉक्टरांच्या परवानगीने व कोणाला सोबत घेऊन, करून पाहावे. निजून राहिलेल्या माणसाचे दुखणे थांबले यातून काहीच सिद्ध होत नाही. त्या दिवशी वेदनाशामक गोळी घ्यावी की नाही हे आधीच विचारून ठेवावे. कारण गोळीने वेदना झाकली गेली तर नोंदीचा अर्थ उरत नाही. गुंगीचे औषध द्यावयाचे असल्यास त्याचाही परिणाम या उत्तरावर होतो, हे ध्यानी असू द्यावे. सांध्याच्या तपासणीत वेदना निदान तीन-चतुर्थांश कमी झाली तरच अनेक डॉक्टर उत्तर होकारार्थी मानतात. “थोडे बरे वाटले” या शब्दांतून ते ठरत नाही, आकड्यांतून ठरते.

एकच होकार पुरेसा असतो काय? आशेनेही वेदना काही काळ थांबते, हा मानवी मनाचा धर्म आहे. फ्रान्समधील १९९६ च्या एका अभ्यासात ५४ रुग्णांपैकी १९ जणांना पहिल्या सुईने आराम पडला. परंतु निराळ्या भुलीच्या औषधाने पुन्हा तपासले असता केवळ १० जणांचेच उत्तर कायम राहिले. बँकेत मोठ्या रकमेच्या कागदावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, त्यामागील कारण हेच. पुढील पाऊल मोठे असेल, उदाहरणार्थ सांधा स्क्रूने जोडण्याची शस्त्रक्रिया, तर दुसरा पडताळा मागणे हा अविश्वास नव्हे.

उपचार म्हणून या इंजेक्शनच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. स्टिरॉइडचा गुण काहींना काही आठवडे, काहींना काही महिने टिकतो, तर काहींना मुळीच येत नाही. तो कायमचा इलाज नाही, आणि वारंवार घेण्याजोगाही नाही. वर्षातून तीन-चारपेक्षा अधिक वेळा सहसा देत नाहीत. वेदना कमी झालेल्या त्या काळात कंबर, पोट व पार्श्वभागाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले, तर मिळालेली सवड सार्थकी लागते. व्यायामाशिवाय घेतलेली सुई म्हणजे मुद्दल न फेडता केवळ व्याजाची मुदत वाढवणे. आराम वारंवार मिळतो पण टिकत नाही, अशा रुग्णांसाठी सांध्याकडे जाणाऱ्या बारीक मज्जातंतूंना रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करण्याचाही उपाय आहे. मात्र योग्य निदान झाल्यावरच त्याचा विचार होतो.

काही सावधगिरीच्या बाबी. मधुमेही व्यक्तींची साखर स्टिरॉइडनंतर काही दिवस वाढते. त्या काळात ती घरी वरचेवर तपासावी. एकासन, उपवास किंवा मोठी तपश्चर्या करण्याचा संकल्प असेल तर सुईची तारीख ठरवण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. वाढलेली साखर, गोळ्यांच्या वेळा आणि उपवास यांचा मेळ घरच्या घरी घालू नये. सामायिकासाठी ४८ मिनिटे जमिनीवर मांडी घालून बसणे ज्यांना दुःसह होते, त्यांनी खुर्चीवर बसण्याविषयी संकोच बाळगू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण सांगितल्यावाचूनही राहू नये. रंगद्रव्याची वा भुलीच्या औषधाची ॲलर्जी, अंगात ताप, आणि स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणाची शक्यता, ही माहिती आधी द्यावी. भुलीमुळे काही तास पाय जड किंवा बधिर वाटू शकतो, म्हणून त्या दिवशी वाहन चालवू नये व जिन्यावर एकटे जाऊ नये. पुढील दिवसांत ताप आला किंवा सुईच्या जागी वाढती लाली व ठणका जाणवला, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

आता थोडे विम्याविषयी, कारण व्यवहाराचा प्रश्न शेवटी येतोच. आरोग्यविम्यात सामान्यतः २४ तास दाखल राहण्याची अट असते, आणि त्यास अपवाद म्हणून एका दिवसात होणाऱ्या काही उपचारांना मान्यता असते. हे इंजेक्शन आपल्या पॉलिसीत त्या उपचारांत मोडते की बाह्यरुग्ण उपचार समजले जाते, हे विमा कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्यावे. रुग्णालयाकडून खर्चाचे अंदाजपत्रक, त्यात यंत्राचे, औषधाचे व डॉक्टरांचे शुल्क वेगळे दाखवून, मागून घ्यावे. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल २०२४ पासून नियामकाने जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे. जुनी पॉलिसी असणाऱ्यांनी आपला काल पूर्ण झाला आहे की नाही ते पाहावे. आणि प्रक्रियेच्या वेळी काढलेली क्ष-किरण चित्रे मागून घ्यावीत. औषध सांध्यातच गेले याचा तो पुरावा असतो, आणि पुढील डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.

सर्व कंबरदुखी या सांध्याची नसते, हेही विसरू नये. तरुण वयात पहाटे ताठरपणा येऊन तो अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि हालचालीने कमी होत असेल, तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञाकडे जावे. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरता येणे, पायाची शक्ती जाणे, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास इंजेक्शनचा विचार बाजूस ठेवून प्रथम त्वरित तपासणी करून घ्यावी.

एरवी ज्यांनी वर्षानुवर्षे दुखणे सोसले आणि आता मोठ्या शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर उभे आहेत, त्यांनी डॉक्टरांना नम्रतेने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. माझे दुखणे नेमके कोठले, हे कशावरून ठरवले? सुई दिलीच तर ती यंत्रात पाहून देणार काय? आणि त्या दिवशी मी कोणत्या वेळी काय नोंदवू? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या डॉक्टरांकडे तयार असेल, त्यांच्या हाती कंबर सोपवण्यास हरकत नाही.